स्पीडवे क्लब आणि स्टेडियम चालवण्याचं अर्थकारण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटरसायकल स्पीडवेबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही. ब्रिटनमध्ये राहणारे मराठी मित्र एखादी शर्यत पाहून येतात, भारावून जातात आणि दोन वर्षांनी विचारतात, ‘अरे, तो क्लब बंद कसा झाला? गर्दी तर चांगली होती!’ त्यांचे आणि इतरांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर ब्रिटनवर आहे, कारण क्लब बंद पडण्याचं दुखणं तिथे सर्वांत जुनं आणि खोल आहे. तुलनेसाठी पोलंडही आहे.

स्पीडवे म्हणजे नक्की कोणती शर्यत?

लंबगोल मातीचा ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या. मोटरसायकल ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. तिला ब्रेक नसतो आणि गिअर एकच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत गाडी आडवी काढायची, हेच सारं कौशल्य. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. अशा एका शर्यतीला ‘हीट’ म्हणतात आणि ती साधारण मिनिटभरात संपते. ब्रिटिश लीगच्या सामन्यात १५ हीट्स होतात. म्हणजे दोन तासांच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष शर्यत पंधरा-सोळा मिनिटांची. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

खेळाची सुरुवात ऑस्ट्रेलियात १९२० च्या दशकात झाली. ब्रिटनमध्ये लंडनजवळच्या हाय बीच इथे फेब्रुवारी १९२८ मध्ये झालेल्या शर्यतीपासून त्याची लाट आली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात ट्रॅक उभा राहिला.

क्लबकडे पैसा येतो कुठून?

मुख्यतः दारावरून, म्हणजे तिकिटातून. प्रौढ माणसाचं तिकीट हल्ली वीस पौंडांच्या आसपास असतं. त्याखालोखाल प्रायोजक. पण हे बहुतेक गावातलेच : गॅरेजवाला, छपाईवाला, बांधकाम साहित्याचा व्यापारी. मग कार्यक्रमपत्रिका, टोप्या, टी-शर्ट, लकी ड्रॉ.

बार आणि खाणंपिणं? नवख्याची इथे हमखास गफलत होते. स्टेडियम भाड्याचं असेल, तर बिअरचे आणि बर्गरचे पैसे बहुतेक ठिकाणी स्टेडियमच्या मालकाच्या गल्ल्यात जातात. पार्किंगचंही तेच. क्लब माणसं जमवतो आणि त्या माणसांच्या खिशातला दुसरा हिस्सा भलत्याचाच होतो.

हंगाम मार्च-एप्रिल ते ऑक्टोबर. आठवड्यातून एक सामना धरला, तरी त्यातले निम्मे परगावी. उरलेल्या पंधरा-वीस घरच्या संध्याकाळींवर वर्षभराचा प्रपंच.

आणि खर्च?

सर्वांत मोठा खर्च रायडरांचा. ब्रिटनमध्ये रायडर पगारी नोकर नसतो, स्वतंत्र व्यावसायिक असतो. गाड्या त्याच्या, मेकॅनिक त्याचा, व्हॅन त्याची. क्लब त्याला मुख्यतः मिळवलेल्या गुणांनुसार पैसे देतो. याशिवाय ‘बोनस गुण’ असतो : आपल्याच संघातल्या साथीदाराच्या लगेच मागे येऊन रायडरने गुण मिळवला, तर आणखी एका गुणाचे पैसे. धावफलकावर हा गुण दिसत नाही, बिलावर दिसतो.

हिशेब मांडून पाहू. प्रत्येक हीटमध्ये ३ + २ + १ असे सहा गुण वाटले जातात. १५ हीट्सचे ९० गुण. समजा, घरच्या संघाने ५२–३८ असा सामना जिंकला आणि आठ बोनस गुण झाले. म्हणजे ६० गुणांचे पैसे. गुणामागे सरासरी १०० पौंड धरू (हा दर उदाहरणासाठी घेतला आहे, प्रत्येक रायडरचा करार वेगळा असतो), तर एका संध्याकाळचे ६,००० पौंड. पुढच्या आठवड्यात हाच संघ परगावी जाऊन ४० गुण आणि पाच बोनस मिळवतो. म्हणजे आणखी ४,५०० पौंड. परगावच्या सामन्याचं तिकिटाचं उत्पन्न मात्र यजमानाचं. आपल्या रायडरांचे पैसे आपणच भरायचे आणि दारावरचा एक पौंडही आपल्याला नाही.

तर घरच्या एका सामन्याला परगावचा एक सामना पोसावा लागतो. दोन्ही मिळून १०,५०० पौंड. वीस पौंडांच्या तिकिटातले ३ पौंड ३३ पेन्स व्हॅटमध्ये जातात, हाती उरतात १६ पौंड ६७ पेन्स. भागाकार करा : फक्त रायडरांचे पैसे फेडायला पूर्ण तिकीट काढणारे ६३० प्रेक्षक हवेत. मुलांना आणि ज्येष्ठांना सवलत असते, म्हणजे प्रत्यक्षात जास्तच. अजून भाडं भरलेलं नाही, दिवे लावलेले नाहीत, ट्रॅकवर पाणी मारलेलं नाही.

आता बाकीचं. डॉक्टर आणि रुग्णवाहिका हजर असल्याशिवाय शर्यत सुरूच करता येत नाही. एखाद्या जखमी रायडरला घेऊन रुग्णवाहिका इस्पितळात गेली आणि दुसरी जागेवर नसेल, तर ती परतेपर्यंत सगळे थांबतात. वळणांवर हवा भरलेली कुंपणं लागतात. ती महाग असतात, फाटतात, शिवावी लागतात. मग विमा, पंच, लीगचं शुल्क. ट्रॅकवरची माती म्हणजे शेल नावाच्या खडकाची चुरी. दर हीटला मागची चाकं ती कुंपणाकडे उडवतात. ट्रॅक्टरने ती पुन्हा आत ओढायची, दाबायची, भिजवायची आणि अधूनमधून नवीन आणून टाकायची. याला शेतीइतकीच जाण लागते. चांगला ट्रॅकवाला टिकवणं चांगला रायडर टिकवण्याइतकंच मोलाचं आहे, हे माझं ठाम मत आहे. ट्रॅक खराब झाला की शर्यत एकसुरी होते, आणि मग पंधरा मिनिटांच्या शर्यतीसाठी वीस पौंड देणारा माणूस पुढच्या आठवड्यात येत नाही.

म्हणजे संघ जितका चांगला, तितका खर्च जास्त?

हो. जिंकलेल्या प्रत्येक गुणाचं बिल येतं. जिंकणाऱ्या संघामुळे गर्दी वाढते हे खरं, पण एका मर्यादेपर्यंतच. घरचा संघ दर आठवड्याला वीस-पंचवीस गुणांनी जिंकू लागला की चुरस जाते आणि गर्दी उलट कमी होते. प्रमोटरला, म्हणजे क्लब चालवणाऱ्याला, मनापासून हवा असतो तो शेवटच्या हीटमध्ये ठरणारा सामना.

उत्तर-पश्चिम इंग्लंडमधल्या वर्किंग्टन कॉमेट्सचं उदाहरण चाहत्यांना अजून सलतं. २०१८ मध्ये या संघाने दुसऱ्या श्रेणीतले तीन करंडक जिंकले. पुढच्या हंगामात तो संघ त्या श्रेणीत उतरलाच नाही.

संघ फार तगडा होऊ नये म्हणून ब्रिटनमध्ये रायडरांच्या सरासरी गुणांवर संघाची एकूण मर्यादा घातलेली असते. हा नियम चुरशीसाठी आहे तसाच खर्चासाठीही. त्याची दुसरी बाजू कडू आहे : हंगामभर रायडर सुधारले, त्यांची सरासरी वाढली, तर पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच कुणाला तरी सोडावं लागतं.

पाऊस पडला तर?

पाऊस हा स्पीडवेचा खरा सावकार. दुपारी चार वाजता आभाळ भरून येतं. सामना रद्द करायचा की नाही, हे लवकर ठरवलं तर रायडरांचा प्रवास वाचतो, पण तासाभराने ऊन पडलं तर प्रेक्षक शिव्या घालतात. उशिरा ठरवलं तर डॉक्टर, रुग्णवाहिका, सुरक्षारक्षक, सगळ्यांचे पैसे द्यावे लागतात आणि गल्ला रिकामा. अर्ध्यात पाऊस आला, तर तिकिटाचं काय करायचं हा आणखी एक वाद. आपल्याकडे जत्रेत तंबू ठोकून बसलेल्या तमाशाच्या फडाची अवकाळीत जी गत होते, तीच ही : कलावंत आले, जेवले, रात्र बुडाली, मजुरी मात्र द्यायचीच.

रद्द झालेला सामना पुढे कधीतरी घ्यावाच लागतो. मग ऑक्टोबरच्या थंडीत एका आठवड्यात दोन-दोन घरचे सामने येतात. एकाच कुटुंबाने आठवड्यात दोनदा तेवढे पैसे कुठून काढायचे?

रायडर तरी श्रीमंत होतात का?

जगातले पहिले पंधरा-वीस, आणि तेही मुख्यतः पोलंडमुळे. बाकीच्यांचं गणित क्लबसारखंच आहे. इंजिनाची किंमत काही हजार पौंड, ठराविक शर्यतींनंतर ते खोलून नीट बांधून घ्यावं लागतं, मागचं टायर भराभर झिजतं. हाड मोडलं तर गुण नाहीत आणि गुण नाहीत तर पैसे नाहीत. खालच्या श्रेणीतले कित्येक रायडर दिवसा प्लंबर, सुतार, मेकॅनिक असतात. रायडरांचे दर क्लबांच्या मुळावर आले, असं प्रमोटर मंडळी म्हणतात. त्या तरुणाचा खर्च एकदा मांडून पाहिला की दोष द्यायला जीभ रेटत नाही.

क्लबांचं स्वतःचं स्टेडियम का नसतं?

इथून मुख्य दुखण्याला सुरुवात होते. स्पीडवे आला तेव्हा ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींसाठी देशभर लंबगोल स्टेडियमं उभी राहत होती. आत मातीचा आणखी एक ट्रॅक सहज बसत होता. मालकाला रिकाम्या संध्याकाळी भाडं मिळालं, क्लबला तयार गॅलऱ्या मिळाल्या. दोघांचंही भलं झालं आणि ही भाडेकरूपणाची सवय पुढे कधी मोडली नाही.

पण कुत्र्यांच्या शर्यतींचाच धंदा आटत गेला. शहरं वाढली, गावाबाहेरचं स्टेडियम वस्तीच्या मधोमध आलं आणि त्याच्याखालची जमीन वरच्या खेळापेक्षा कितीतरी पट महाग झाली. मालकाने विकायचं ठरवलं की भाडेकरूच्या हातात काहीच नसतं. सामन्यात तोटा झाला म्हणून क्लब एखादा हंगाम बसतो आणि परत येऊ शकतो. ट्रॅकच गेला तर परत यायचं कुठे?

असे किती क्लब गेले?

सगळी यादी द्यायची तर हे पान पुरणार नाही. फक्त विजेत्यांकडे बघा. ब्रिटनची वरची श्रेणी २०१६ मध्ये वॉल्व्हरहॅम्प्टनने जिंकली, २०१७ आणि २०१९ मध्ये स्विंडनने, २०२१ मध्ये पीटरबरोने.

स्विंडनमध्ये १९४९ पासून स्पीडवे होता. २०१९ च्या विजेतेपदानंतर तिथे पुन्हा लीगचा सामना झाला नाही. आधी कोविड, मग स्टेडियमच्या पुनर्विकासाचं भिजत घोंगडं, आणि शेवटी स्पीडवे परतणार नाही हे स्पष्ट झालं. पीटरबरोचा ट्रॅक १९७० पासून शेतकी प्रदर्शनाच्या मैदानात होता. तिथे दीड हजार घरांचा प्रकल्प आला आणि २०२३ हा शेवटचा हंगाम ठरला. वॉल्व्हरहॅम्प्टनच्या मॉनमोर ग्रीन स्टेडियमची मालकी सट्ट्याच्या कंपनीकडे. तिला स्पीडवे नको झाला आणि तिथेही २०२३ लाच पडदा पडला. सहा वर्षांत विजेतेपद मिळवलेले तीन क्लब. तिघांनाही मैदानावर कुणी हरवून संपवलं नाही.

२०१८ चा विजेता पूल. हा क्लब टिकला, पण २०१९ च्या हंगामानंतर त्याने स्वतःहून खालची श्रेणी पत्करली. काहींनी तेव्हा नावं ठेवली. मला तो शहाणपणाचा निर्णय वाटतो. अंथरूण पाहून पाय पसरले म्हणून तिथे आजही गाड्यांचा आवाज येतो.

लंडनची कथा तर आणखी विदारक. एके काळी या एका शहरात अनेक ट्रॅक होते. वेम्बलीचा संघ १९५६ नंतर थांबला. विम्बल्डनमध्ये २००२ मध्ये स्पीडवे परतला आणि भाड्यावर एकमत न झाल्याने २००५ मध्ये पुन्हा बंद पडला. हॅकनीच्या स्टेडियमवर १९९५ आणि १९९६ मध्ये ग्रां प्री, म्हणजे जागतिक विजेतेपदाच्या मालिकेतली शर्यत, झाली. त्या जागेवर पुढे २०१२ च्या ऑलिंपिकचं माध्यम केंद्र उभं राहिलं.

कोव्हेंट्रीचं नाव सारखं ऐकू येतं. तिथे काय झालं?

कोव्हेंट्री बीज हा ब्रिटनमधल्या नावाजलेल्या संघांपैकी एक. २००५, २००७ आणि २०१० चा विजेता. ब्रँडन गावातलं त्यांचं स्टेडियम १९२८ पासूनचं. २०१६ हा तिथला शेवटचा हंगाम. जमीन विकासकाकडे गेली आणि शंभराहून अधिक घरांचा प्रस्ताव आला. रिकाम्या स्टेडियमची नासधूस झाली, आगी लागल्या, गॅलऱ्या कोसळल्या.

पण चाहत्यांनी सोडलं नाही. स्टेडियमची गरज संपलेली नाही हे दाखवून द्यायचं, हा त्यांचा मुद्दा. इंग्लंडच्या नियोजन धोरणात क्रीडासुविधा पाडायची असेल तर ती अनावश्यक झाली आहे हे सिद्ध करावं लागतं, किंवा तिच्या तोडीची दुसरी द्यावी लागते. चाहत्यांनी आकडे जमवले, तज्ज्ञ उभे केले, बैठकांना हजेरी लावली. रग्बी बरो कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, २०२२ मध्ये परवानगी नाकारली. विकासकाने अपील केलं, तेही फेटाळलं गेलं.

हा फार मोठा विजय आहे आणि तरीही तो अर्धाच आहे. घरं झाली नाहीत म्हणून स्पीडवे आपोआप परत येत नाही. जमीन अजून दुसऱ्याची, स्टेडियम उद्ध्वस्त आणि ते पुन्हा उभारायला लागणारा पैसा क्लबकडे नाही.

मग पालिकेने स्टेडियम बांधून दिलं तर प्रश्न सुटेल?

मँचेस्टरमध्ये हे घडलं. बेल व्ह्यू एसेस हा या खेळातल्या सर्वांत जुन्या संघांपैकी एक. त्यांचं हाइड रोडचं घर १९८७ मध्ये विकलं गेलं आणि ते जवळच्याच ग्रेहाउंड स्टेडियमवर भाडेकरू म्हणून गेले. जवळजवळ तीन दशकांनी, २०१६ मध्ये, सुमारे ८० लाख पौंड खर्चून पालिकेच्या पुढाकाराने राष्ट्रीय स्पीडवे स्टेडियम उभं राहिलं. अशी जागा ब्रिटनमध्ये दुसरी नाही.

उद्घाटनाचा दिवस १९ मार्च २०१६. प्रेक्षक जागेवर बसलेले, रायडर सराव करून आले आणि म्हणाले, एका वळणावरचा ट्रॅक सुरक्षित नाही. सामना रद्द. ट्रॅक उकरून पुन्हा करावा लागला, सुरुवातीचे सामने पुढे ढकलले गेले. नव्या इमारतीचं भाडं आणि देखभाल यांचं ओझं जुन्या जागेपेक्षा कितीतरी जड होतं. संघ त्या वर्षी लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी थकलेल्या देण्यांमुळे स्टेडियम चालवणाऱ्या कंपनीच्या हातून ते गेलं. पालिकेने ते ताब्यात घेतलं, क्लबला नवे मालक मिळाले.

पुढे मात्र हीच जागा फळली. क्लबने २०२२ मध्ये लीग जिंकली, २०२४ मध्ये पुन्हा. स्पीडवे ऑफ नेशन्स ही जागतिक स्पर्धा २०२१ मध्ये इथे झाली, ग्रेट ब्रिटनने जिंकली, आणि २०२४ मध्येही तसंच. २०२५ ची ब्रिटिश ग्रां प्री कार्डिफहून इथे आली.

हे कसं शक्य झालं? माझ्या मते, चालवणारे हात बुडाले तेव्हाही जमीन सार्वजनिक होती म्हणून. ती खाजगी असती तर २०१७ मध्ये तिथे गोदामं उभी राहिली असती.

आवाजामुळे क्लब बंद पडतात का?

बंद पडोत न पडोत, खिसा रिकामा होतो. सफोकमधल्या मिल्डनहॉलच्या फेन टायगर्स या स्पीडवे क्लबच्या स्टेडियमचा खटला ब्रिटनमध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. स्टेडियमला १९७५ मध्ये परवानगी मिळाली होती. जवळचा एक बंगला २००६ मध्ये एका जोडप्याने विकत घेतला आणि आवाजाबद्दल दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०१४ चा निकाल घरमालकांच्या बाजूने लागला. ‘आम्ही आधीपासून इथे होतो’ हा बचाव पुरेसा नाही, आणि नियोजनाची परवानगी आहे म्हणून उपद्रव आपोआप माफ होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

नुकसानभरपाई त्या मानाने किरकोळ होती. खर्च मात्र डोळे पांढरे करणारा. खालच्या न्यायालयातला घरमालकांच्या बाजूचा खर्च, वकिलांचं यशशुल्क (खटला जिंकल्यावर मिळणारं जादा शुल्क) आणि विम्याचा हप्ता धरून, १० लाख ६७ हजार पौंड निघाला आणि त्यातला ६० टक्के प्रतिवादींवर आला. या खर्चावरूनच पुन्हा २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल द्यावा लागला. खर्चाच्या प्रश्नातलं, व्हॅट वजा जाता १६ पौंड ६७ पेन्सचं तिकीट आठवा आणि भागाकार करून पाहा.

२०१८ पासून इंग्लंडच्या नियोजन धोरणात एक दिलासा आला : जुन्या स्टेडियमशेजारी नवी वस्ती करायची तर आवाजापासून बचावाची सोय नव्याने येणाऱ्याने करायची. ही तरतूद परवानगी देतानाची आहे. आधीच उभ्या असलेल्या घरातून दावा लागला तर तिचा उपयोग मर्यादितच.

टीव्हीचा पैसा कुठे जातो?

१९९९ मध्ये स्काय स्पोर्ट्सने लीगचे सामने दाखवायला सुरुवात केली आणि वरच्या श्रेणीतल्या क्लबांना अनेक वर्षं त्याचा आधार झाला. दुर्दैवाने त्या पैशाचा मोठा वाटा रायडरांचे दर चढवण्यातच गेला, अशी तक्रार आजही होते आणि मला ती पटते. तो पैसा जमिनीत किंवा निदान दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यात गेला असता तर आजचं चित्र वेगळं दिसलं असतं. टीव्हीचे आकडे घसरले, वाढलेले खर्च तिथेच राहिले.

करमणूक कराने या खेळाचा घात केला, हे खरं का?

बऱ्याच अंशी. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पीडवेला तुफान गर्दी होत होती. पण इथे माणसापेक्षा यंत्राचं कसब जास्त, असं धरून सरकारने त्यावर फुटबॉलपेक्षा चढा कर लावला. १९५० च्या दशकात गर्दी ओसरली तसे क्लब एकेक करून गेले. क्रीडा कार्यक्रमांवरचा हा कर १९५७ मध्ये उठला, तोवर फार थोडे उरले होते. १९६० मध्ये छोट्या शहरांतल्या ट्रॅकांची प्रोव्हिन्शियल लीग सुरू झाली, तेव्हा कुठे खेळ सावरला. मोठ्या स्टेडियमांवर न चाललेला खेळ कमी खर्चाच्या, गावातल्या ट्रॅकांनी वाचवला. आजच्या प्रमोटरांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा वाचावी.

पोलंडमध्ये हाच खेळ इतका श्रीमंत कसा?

तिथे स्टेडियमं बहुधा नगरपालिकांची असतात. तोरुनचं मोटोअरेना २००९ मध्ये शहराने उभारलं, पंधरा हजारांवर माणसं बसतात. लेश्नो, गोझूव, झिएलोना गुरा या मध्यम आकाराच्या शहरांत स्पीडवे हाच पहिल्या क्रमांकाचा खेळ, त्यामुळे महापौरालाही क्लब बुडू देणं परवडत नाही. वर मोठ्या कंपन्यांचं प्रायोजकत्व आणि टीव्हीचे घसघशीत करार.

तिथेही सगळं आलबेल नाही. रायडरांना करारावर सही करतानाच मोठी रक्कम द्यावी लागते आणि चढाओढीत क्लब कर्जात बुडतात. चेन्स्तोहोवाच्या व्वुक्न्याशला देण्यांमुळे २०१५ साठी परवानाच मिळाला नाही. पण स्टेडियम जागेवर होतं, म्हणून क्लब खालच्या श्रेणीतून परत उभा राहिला.

ब्रिटनमध्ये सामने शनिवार-रविवारी का घेत नाहीत? गर्दी वाढेल ना.

वाढेल. पण चांगले रायडर शुक्रवारी आणि रविवारी पोलंडमध्ये असतात, शनिवारी ग्रां प्री. वरच्या श्रेणीला सोमवार-गुरुवारवर भागवावं लागतं. दुसऱ्या दिवशी शाळा असलेली मुलं रात्री साडेनऊपर्यंत कशी थांबणार?

चाहत्यांनीच क्लब का चालवू नये?

अर्धाअधिक तेच चालवतात. ट्रॅकवर दाताळं घेऊन फिरणारे, पिट्समध्ये (रायडर गाड्या तयार ठेवतात त्या जागेत) नोंदी ठेवणारे, दारावर तिकीट फाडणारे बहुतेक विनामोबदला येतात. त्यांच्या वेळेची किंमत ताळेबंदात धरली, तर एकही क्लब उभा राहणार नाही. आणीबाणीत चाहते वर्गणीही काढतात. पण वर्गणीने एखादा हंगाम निभतो, सात-आठ एकर जमीन विकत घेता येत नाही. म्हणून चाहत्यांच्या संघटनांनी पैसा नव्या रायडरवर न घालता आधी भाडेपट्ट्याची मुदत, नियोजनातलं संरक्षण आणि पालिकेतले मित्र यांवर शक्ती लावावी, असं मला कळकळीने वाटतं. कोव्हेंट्रीच्या लोकांनी हे स्टेडियम गेल्यावर केलं. बाकीच्यांनी असताना करावं.

भारतात स्पीडवे क्लब निघू शकेल का?

लीग स्वरूपात स्पीडवे आपल्याकडे नाही. जवळचं उदाहरण सुपरक्रॉसचं, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत होणाऱ्या मोटरसायकल शर्यतीचं : इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगचा पहिला हंगाम जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुरू झाला. माती आणायची, ट्रॅक रचायचा, कार्यक्रम झाला की उचलायचा. कार्डिफमध्ये छताखालच्या स्टेडियममध्ये ब्रिटिश ग्रां प्री अशीच होत असे. मोठ्या प्रायोजकाच्या जोरावर वर्षातून एकदा हे जमतं. दर आठवड्याला गावातल्या पोरांनी सराव करायचा, तर कायमचा ट्रॅक लागतो. पुणे, कोल्हापूर भागात मोटरसायकलच्या शर्यतींचं वेड आणि कसबी मेकॅनिक दोन्ही आहेत. कुणी उत्साही मंडळी पुढे आली, तर माझी एकच विनंती : गाड्या आयात करण्याआधी जागेचा निदान वीस-पंचवीस वर्षांचा करार नोंदवून घ्या.

आम्ही इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये राहतो. पहिल्यांदा जाताना काय लक्षात ठेवावं?

मँचेस्टर, लेस्टर, शेफील्ड, ग्लासगो या मराठी माणसांची वस्ती असलेल्या शहरांत ट्रॅक आहेत. निघण्याआधी क्लबच्या पानावर सामना होणार आहे ना, ते पाहा, ढग असतील तर दोनदा. वळणाजवळ उभे राहिलात तर अंगावर माती उडेल. मुलांना चष्मा द्या आणि पांढरे कपडे घालू नका. तिकीट शक्यतो क्लबकडूनच थेट काढा. कार्यक्रमपत्रिका विकत घ्या आणि पेन सोबत ठेवा : प्रत्येक हीटचे गुण स्वतः लिहिले की दहाव्या हीटपासून सामना कुठे झुकतोय ते कळू लागतं. आवडलं तर पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही आणा. आणि स्टेडियमबाहेर एखाद्या बांधकामाच्या अर्जावर हरकती मागवल्याची नोटीस दिसली, तर तिचा फोटो काढून क्लबला पाठवा. हरकतीची मुदत साधारण तीन आठवड्यांचीच असते.